दस्तक, परवाना आणि पायरेटेड सीडी

18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. बोटीवर माणूस नाही. आत एक पेटी, पेटीत तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढच्या पंधरवड्यात गणपती. रायगडात नाकाबंदी लागली आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना विधानसभेत निवेदन करावं लागलं. उलगडा झाला तो साधाच होता. 'लेडी हान' ही ऑस्ट्रेलियन मालकीची नौका मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनच्या अखेरीस भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं, खलाशांना एका कोरियन जहाजाने सोडवलं आणि रिकामी बोट पावसाळी समुद्रावर वाहत वाहत कोकणात आली.

लोक घाबरले ते उगाच नव्हे. याच श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला फेब्रुवारी 1993 मध्ये आरडीएक्स उतरलं होतं आणि मार्चमध्ये मुंबई हादरली होती. पण ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षं पीसीसमोर गेली, त्यांच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी आणखी एक चित्र आलं असणार. बेवारस बोट, आत शस्त्रं, समोर काळा कातळ आणि वर देऊळ. अशीच तर मिशनची सुरुवात होते. 'जीटीए : व्हाइस सिटी' सुरू होतो तोच मुळी धक्क्यावरच्या फसलेल्या व्यवहाराने.

त्या पिढीने समुद्र आधी पडद्यावर पाहिला आणि तोही परक्यांचा. हवाना, नासाऊ, पोर्ट रॉयल ही नावं तिला तोंडपाठ. सावित्री नदी कुठे समुद्राला मिळते, हे विचारलं तर मात्र बरेच जण गूगल उघडतील. ती इथेच मिळते, हरिहरेश्वरच्या दक्षिणेला. पीसीवरचे खेळ आणि या खाडीचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवले की दोन्हीकडे एकच शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो : पायरेट.

आधी सीडीवाला पायरेट घेऊ.

नव्वदच्या दशकात मराठी घरात पीसी आला तो मुलाच्या अभ्यासासाठी. निदान बाबांना तसंच सांगितलेलं असायचं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली 'असेम्बल्ड' मशीन, वर प्लास्टिकचं कव्हर, कीबोर्डला वेगळं कव्हर, आणि मे महिन्यात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत खाऊबरोबर दोन-चार सीड्या. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावीही कॉम्प्युटर क्लास निघाले. सर बाहेर गेले की तिथे काय चालायचं, हे त्या वर्गांत बसलेल्यांना सांगायला नको. नेटकॅफेत तासाचे पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' खेळणं ही शहरी चैन होती. कोकणात मुंबईच्या चुलतभावाची सीडी हेच वितरण.

त्या सीड्या अस्सल नसत हे वेगळं सांगायला नको. फुटपाथवर पन्नास-शंभर रुपयांत गेम मिळत असताना दीड हजाराचं खोकं कोण घेणार? सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं, आत सिरीयल नंबर असलेली एक टेक्स्ट फाइल आणि 'क्रॅक' नावाचा फोल्डर. कित्येकदा गेम 'रिप' केलेला असायचा, म्हणजे जागा वाचवण्यासाठी गाणी आणि व्हिडिओ कापून टाकलेले. 'व्हाइस सिटी'चा प्राण म्हणजे गाडीतला रेडिओ. 1986 सालची अमेरिका त्या गाण्यांतूनच उभी राहते. महाराष्ट्रातल्या अनेक पोरांनी हा गेम शेवटापर्यंत मुक्या गाड्यांतून खेळला. त्यांच्या मते तो थोर आहे. बरोबरच आहे, फक्त त्यांनी तो अर्धाच पाहिलेला असतो.

त्याआधीचा काळ 'प्रिन्स'चा. जॉर्डन मेकनर याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चौकट रेखाटून 1989 मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बनवला. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. ऑफिसच्या डॉस मशीनवर हा गेम सापडला नाही असं क्वचितच व्हायचं. चालणं, लोंबकळणं, टोकावरून पाय घसरणं यांत इतकं वजन आहे की पस्तीस वर्षांनंतरही तो शिळा वाटत नाही. त्यात एक गंमत होती. पहिल्या पातळीनंतर तो खेळाडूला अडवायचा. माहितीपुस्तकाच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं ते ओळखा आणि त्याच अक्षराखालचा प्याला प्या. ज्याने गेम विकत घेतला त्याच्याजवळ पुस्तक. बाकीच्यांनी परत फिरावं. थोडक्यात, वाटेत उभा राहून परवाना मागणारा जकातदार. झेरॉक्सचं दुकान कोपऱ्यावर असलेल्या देशात हा जकातदार फार दिवस टिकला नाही.

'प्रोजेक्ट आयजीआय'ची तऱ्हा वेगळी. नॉर्वेतल्या स्टुडिओने 2000 च्या अखेरीस आणलेला हा गेम युरोपात बऱ्यापैकी नावाजला गेला, पण त्याचं खरं राज्य भारतात. मोकळी मैदानं, एकटा डेव्हिड जोन्स, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची सोय नाही. भारनियमनाच्या महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो ते ओस्लोत बसलेल्यांना कळणं शक्य नव्हतं. पाऊण तास सरपटत तळाच्या शेवटच्या खोलीपर्यंत जावं आणि वीज जावी. शत्रूंची बुद्धी यथातथाच होती, एक अलार्म वाजला की मागल्या दारातून सैनिक उगवत राहायचे. तरी या गेमने जी चिकाटी शिकवली ती कुठल्या क्लासने शिकवली नसेल.

'क्रिकेट 07' चांगला गेम आहे असं म्हणणं कठीण. एकच फटका सापडला की दर चेंडूला चौकार. भारतीय खेळाडूंची खरी नावं वापरण्याचा हक्क ईए या कंपनीकडे नव्हता, त्यामुळे मैदानात उतरणारा संघ ओळखू येईना. तो टिकला तो पोरांच्या हौसेने. नावं, जर्सी, पुढे आयपीएलचे संघ, सगळं लोकांनी स्वतः घडवून त्यात घातलं. ईएने 2006 नंतर क्रिकेटचा गेम काढलाच नाही, आणि अठरा-एकोणीस वर्षांचं हे थडगं अजून फुलं वाहून सजवलं जातंय.

आता दुसरा पायरेट, समुद्रावरचा.

सिड मायर याचा 'पायरेट्स!' 1987 चा. 2004 मध्ये तो नव्याने आला आणि आजही एक संध्याकाळ सहज खातो. कॅरिबियन समुद्र, चार युरोपीय सत्ता, एक गलबत आणि मोकळा वारा. गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचायचा भाग तापदायक आहे, एक पाऊल चुकलं की सगळं मुसळ केरात. पण त्याचं मर्म एका कागदात आहे. कुठल्याही गव्हर्नरकडून खेळाडूला परवाना मिळू शकतो. त्या कागदाच्या जोरावर शत्रूराष्ट्राची जहाजं लुटली की तो शूर दर्यावर्दी. कागद नसला की त्याच लुटीसाठी फाशी.

मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. कोकणपट्टीवरून जहाज न्यायचं असेल तर मराठ्यांचं दस्तक घ्या, शुल्क भरा आणि सुखरूप जा. पोर्तुगीज दोनशे वर्षं आपला कार्ताझ विकत होतेच, इंग्रजही आपले पास देत. सरखेलांचं दस्तक घ्यायला मात्र मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी तयार नव्हती. न घेतलेल्या दस्तकापायी जहाजं पकडली गेली की इंग्रजी दप्तरात नोंद एकच : पायरेट. नोव्हेंबर 1712 मध्ये आंग्र्यांच्या गलबतांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कुलाब्याला आणली गेली. तीस हजार रुपये खंडणी भरून फेब्रुवारी 1713 मध्ये तिची सुटका झाली. गव्हर्नरच्या मुलीबरोबरच्या नाचापेक्षा हे कथानक कितीतरी सरस आहे.

'असॅसिन्स क्रीड 4 : ब्लॅक फ्लॅग' 2013 मध्ये आला. चाचेगिरीवरचा इतका देखणा खेळ दुसरा नाही. शिडात वारा भरला की खलाशी गायला लागतात आणि माणूस मूळ काम विसरून नुसता भटकत राहतो. जमिनीवर उतरलं की मात्र कोणाच्या तरी मागे दबकत जाऊन संभाषण ऐकण्याच्या कंटाळवाण्या कामगिऱ्या. त्याचा काळ साधारण 1715 ते 1722. नेमक्या याच वर्षांत मुंबईला चार्ल्स बून गव्हर्नर होता आणि त्याने जवळजवळ सगळी कारकीर्द आंग्र्यांच्या मागे घालवली. 1717 मध्ये विजयदुर्ग, 1718 मध्ये खांदेरी, 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग. त्या वेळी इंग्रजांनी खास 'फ्रॅम' नावाचा तरंगता तोफखाना बांधून नेला होता. तोफांची भोकं इतकी खाली पाडलेली की गोळे समोरच्या पाण्यातच पडू लागले. पहिल्याच दिवशी बग सापडलेला गेम म्हणतात तो हाच. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. किल्ला पडला नाही, आणि नवे पेशवे बाजीराव यांच्याशी पोर्तुगिजांनी परस्पर तह करून टाकला. नासाऊच्या चाच्यांचं तथाकथित प्रजासत्ताक तीन-चार वर्षांत आटोपलं. कान्होजी 1729 मध्ये मरेपर्यंत अजिंक्य राहिले. खेळ निघाला तो नासाऊवर.

'अनचार्टेड 4'ने निदान या समुद्राची ओळख ठेवली आहे. 2022 मध्ये पीसीवर आलेल्या या गेममधला सगळा शोध ज्या खजिन्याचा, तो हेन्री एव्हरी याने सप्टेंबर 1695 मध्ये लुटलेल्या औरंगजेबाच्या 'गंज-ए-सवाई' जहाजाचा. हाजींना घेऊन सुरतेला परतणारं ते जहाज होतं आणि त्यावरच्या बायकांवर झालेले अत्याचार समकालीन बखरकारांनी नोंदवले आहेत. गेममध्ये लुटलेलं सोनं दिसतं, लुटले गेलेले लोक दिसत नाहीत. संवाद झकास, दोरीवरच्या उड्या झकास, मादागास्करचा चिखलही झकास. ही एक गोष्ट मात्र खटकते. 2018 च्या 'हिटमॅन 2'मध्ये डॅनिश कारागिरांनी मुंबई उभी केली, तिथेही चाचेगिरीतून वर आलेला एक गुंड आहे. नाव वझीर काळे! गल्ल्या, लॉण्ड्री, रेल्वेचं यार्ड यांची गर्दी मन लावून रचलेली आहे. आडनाव कोणी सुचवलं ते विचारावंसं वाटतं.

मराठ्यांना थेट खेळाडूच्या हाती देणारा मोठा गेम म्हणजे मार्च 2009 चा 'एम्पायर : टोटल वॉर'. 1700 ते 1799 चा काळ, युरोप आणि अमेरिकेबरोबर हिंदुस्थानचा स्वतंत्र नकाशा, आणि निवडता येणाऱ्या सत्तांत मराठा संघराज्य. पुण्या-मुंबईच्या कित्येक पोरांनी या गेममध्ये पानिपत जिंकलं आहे, काहींनी लंडनही. टोटल वॉर मालिकेत आरमाराची लढाई प्रत्यक्ष लढता येऊ लागली तीही याच भागात. संगणकाची अक्कल मात्र रद्दड, आणि गेम बाजारात आला तो बगांनी भरलेला.

त्याहून मोठी अडचण रंगाची आहे. नकाशावर मराठे एका रंगाचे. पण इतिहासात सावित्रीच्या खाडीवर जे झालं ते एका रंगात मावत नाही.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे इथून घाटावर गेले, 1713 मध्ये पेशवे झाले आणि लगेच त्यांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. खाडीच्या पलीकडचं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पेशवाईच्या कारभाराची दोन टोकं या एका नदीच्या मुखाशी आहेत. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाच्या, नानासाहेबांच्या काळात तुळाजी आंग्रे जुमानेनासे झाले. तेव्हा पेशव्यांनी आपल्याच सरखेलाविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि त्याच महिन्यात सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट, म्हणजे हिम्मतगड, इंग्रजांच्या हाती आला. पुढल्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जाळलं. ऑक्टोबर 1756 च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिला. त्याचं नाव झालं फोर्ट व्हिक्टोरिया. पेशव्यांच्या कुलदैवतासमोरच्या खाडीवर इंग्रजी निशाण लागलं ते पेशव्यांच्या संमतीने, मराठ्यांचं आरमार बुडवून.

'एम्पायर'मध्ये हे करून पाहायची सोयच नाही. आपल्याच आरमाराला आग लावा, असा पर्याय कुठल्या मेनूत असणार?

या बाबतीत स्वीडिश कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस 4' शहाणा. तो 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतो. दख्खनवर तेव्हा बहामनी, मराठे नकाशावर नाहीतच. ते घडवावे लागतात. मांडलिक किती नाराज आहे याचा आकडा सतत समोर असतो, आणि ती नाराजी फार वाढली की परका राजा त्याच्या पाठीशी उभा राहतो. तुळाजीचं प्रकरण या गणितात बसतं. मात्र गेम शिकायला शंभर तास आणि विस्तार-भाग विकत घ्यायला पगारवाढ लागते. 2007 चा 'एज ऑफ एम्पायर्स 3 : द एशियन डायनॅस्टीज' याच्या अगदी उलट. त्यात हिंदुस्थानी गावकरी घडवायला धान्याऐवजी लाकूड लागतं, गाय कापता येत नाही, ती पवित्र कुरणात ठेवून अनुभवाचे गुण मिळवायचे. कोणी तरी ग्रंथालयात एक दुपार घालवली आहे हे दिसतं. दुसरी घालवलेली नाही हेही दिसतं.

मग आपल्या माणसांनी काय केलं? पुणे हे गेम बनवणाऱ्यांचं गाव कधीच झालं आहे. युबीसॉफ्टने 2008 मध्ये तिथला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला. 2003 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' सुरू होतो तो एका हिंदुस्थानी महाराजाच्या वाड्यावरच्या हल्ल्याने. त्याचा नवा अवतार करण्याचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं, सप्टेंबर 2020 मध्ये त्याची झलक दाखवली गेली, चित्रं जुनाट दिसतात अशी टीका झाली आणि 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं. याच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' केला. 2017 मध्ये लोकवर्गणी मागितली ती पुरेशी जमली नाही, तरी ऑक्टोबर 2020 मध्ये गेम पीसीवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या स्वतंत्र निर्मितीच्या पुरस्कारासाठी त्याचं नामांकन झालं. सर्कशीतली मुलगी, हरवलेला भाऊ, वर आकाशात बोलणारे विष्णू आणि दुर्गा. भिंतींवरची चित्रं थांबून बघावीत अशी, हाणामारी थोडी जड, आणि पाच-सहा तासांत खेळ संपतो तेव्हा हवा तो शेवट मिळत नाही. तरीही इथल्या मातीतला गेम म्हणून आधी याचंच नाव घ्यावं लागतं.

सीडीवाल्या पायरेटचं पुढे काय झालं? नोव्हेंबर 2015 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने किमती रुपयांत लावल्या, दिवाळीच्या आसपास सेल लागू लागले, आणि ज्यांनी 'व्हाइस सिटी' मुक्या गाडीतून खेळला तेच लोक नोकरीला लागल्यावर तो पैसे देऊन घेऊ लागले. दस्तक परवडलं की घेतलं जातं. आंग्र्यांचं म्हणाल तर मुंबईतला नौदलाचा तळ आज 'आयएनएस आंग्रे' आहे आणि खांदेरी बेटाला 1998 पासून कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे.

पुण्यातल्या कुणा लेव्हल डिझायनरला चार दिवस सुट्टी असेल तर ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं करत हरिहरेश्वर गाठावं. बागमांडल्याच्या धक्क्यावरून जंगलजेटी पलीकडे वेशवीला गाडीसकट नेते. मधल्या पाण्यात बाणकोट डोक्यावर येतो. देवळामागे डोंगराच्या खिंडीतून उतरलेल्या पायऱ्या थेट समुद्रात जातात, खाली लाटांनी मधाच्या पोळ्यासारखा कोरलेला कातळ आहे आणि त्यावरून प्रदक्षिणेची वाट. ती फक्त ओहोटीला मोकळी असते. तिथे माणसं वाहून गेली आहेत, तेव्हा उतरण्याआधी देवळात भरतीची वेळ विचारून घ्यावी.